नवी पिकअप ऑइल खायलीय : ६,५०० किलोमीटरला दोन लिटर

एमएच२१_मोसंबी (अंबड) · ९ नोव्हेंबर, रात्री ९:१२

राम राम मंडळी. पाडव्याला नवी डिझेल पिकअप घेतली, बीएस-६. आज मीटर ९,०४० दाखवतंय. पहिली सर्व्हिस २,५०० ला झाली, तेव्हा ऑइल नवं टाकलं. त्यानंतर आजपर्यंत दोन लिटर वरून टाकलंय. एक डबा सप्टेंबरात संपला, दुसरा काल. खाली थेंब पडत नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून बघितला, सकाळी कोरडा. धूर म्हणावा तर सकाळच्या स्टार्टला थोडा, मग काहीच नाही.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणायलेत, "नवं इंजिन आहे, थोडं खाणारच." गावातल्या फिटरनं इंटरकूलरचा पाइप काढून आत बोट फिरवलं. बोट ओलं निघालं. म्हणाला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला. बाबांचा सूर तिसराच. त्यांनी जुनी गाडी अकरा वर्षं वापरली, पण सर्व्हिसच्या मधी कधी ऑइल मोजायची काडी काढून बघितली नाही, आणि इंजिन कधी उघडलं नाही.

गाडीवर अजून ४२ हप्ते आहेत. आंब्या बहाराची मोसंबी संपत आली, मृगाचा माल फेब्रुवारीत निघल. त्याच्या आत काय ते कळायला पाहिजे. कुणाला असा अनुभव?

---

रस्सा_वाढ (परळी) · ९ नोव्हेंबर, रात्री ९:३१

काडीच काढली नाही तर कमी झालेलं कळणार कसं? बाबांना माझा दंडवत.

---

वसमत_हळद · ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

दादा, घाबरू नका. माझ्या गाडीनं पहिल्या १०,००० मध्ये दीड लिटर घेतलं. पुढं आपोआप कमी झालं, आता ५५,००० झाले, दोन सर्व्हिसच्या मधी जेमतेम पाव लिटर लागतं. हळदीची पोती भरून हिंगोली, वसमत, नांदेड एवढंच काम.

---

मंडळ_चालक · ९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

सर्वांना विनंती, कंपनीचं, सर्व्हिस सेंटरचं, गावातल्या फिटरचं नाव घेऊ नका. मागच्या धाग्यात काय झालं ते लक्षात आहे. गाडीबद्दल बोला.

---

फिटरमामा (लातूर) · १० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मोसंबीवाले दादा, आधी सांगा, पहिले दीड-दोन हजार किलोमीटर गाडी कशी चालली? रिकामी का भरून? महामार्गावर का गावात? इंजिन चालू ठेवून उभी किती राहिली? आणि मुख्य म्हणजे काडी कोण बघतं, कधी बघतं, कुठं उभी करून बघतं, डब्यातून टाकताना कुठपर्यंत टाकतं? सकाळचा धूर निळा का पांढरा, नाकाला कसला वास येतो? ह्याची उत्तरं आल्याशिवाय मी टर्बोबद्दल एक शब्द बोलणार नाही.

---

एमएच२१_मोसंबी · १० नोव्हेंबर, दुपारी १:४०

मामा, खरं सांगतो.

गाडी आली ती आधी देवाला गेली. तुळजापूर, मग शिर्डी. शिर्डीला समृद्धीनं गेलो. शोरूमवाल्यानं सांगितलं होतं जपून चालवा, म्हणून केबिनमधी तिघं, मागं हौदा रिकामा, काटा साठवर ठेवला आणि जालना सोडलं ते शिर्डीच्या फाट्यापर्यंत पाय हलवला नाही. येताना तसंच. नंतर चैत्र-वैशाखात लग्नसराई. आमच्या मंडपवाल्या मित्रानं सात वराती घेतल्या. गाडीवर डीजेची पेटी, पुढं पोरं नाचायलीत, गाडी पहिल्या गिअरमधी मुंगीसारखी. एकेक वरात तीन-चार तास. भाडं चांगलं मिळालं, म्हणून मीही नाही म्हणालो नाही.

काडी बाबा बघतात. शेतातून आले की लगेच बोनेट उघडतात, हात घाण व्हायच्या आत काम उरकतात. आमचं अंगण उताराचं आहे. कमी दिसलं की टाकतात आणि वरच्या खुणेच्या बोटभर वर ठेवतात. म्हणतात भरलेलं असलेलं बरं.

धूर पांढुरका, डिझेलचा वास. निळा कधी दिसला नाही.

---

रस्सा_वाढ · १० नोव्हेंबर, दुपारी १:५२

सात वराती! गाडीचंच लग्न लावलं की.

---

फिटरमामा · १० नोव्हेंबर, रात्री ८:३०

दादा, मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडं येणाऱ्या दहांतल्या आठ जणांची हीच गोष्ट असते, फक्त वरातीच्या जागी कुणाचा गणपती असतो, कुणाची प्रचारफेरी.

आता नीट ऐका. बोर म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ती नळी. नव्या इंजिनच्या बोरला आतून गुळगुळीत नसतात करत. मुद्दाम बारीक तिरप्या रेघा मारलेल्या असतात, एकमेकींना छेदणाऱ्या. ह्या रेघांत ऑइल धरून राहतं. आणि ह्याच रेघांवर पिस्टनच्या कडेच्या रिंगा सुरुवातीला घासून घासून बोरच्या मापात बसतात. दोन्हींचे वरचे बारीक कंगोरे झिजले की रिंग बोरला चिकटून फिरायला लागते. ही बसणी बरीचशी पहिल्या काहीशे किलोमीटरात होते, उरलेली हळूहळू पुढच्या हजारांत.

रिंग बोरला दाबते कोण? तिचा स्वतःचा ताण असतो, पण तो थोडा. खरा दाब जळलेल्या वायूचा. स्फोट झाला की वायू रिंगच्या मागच्या फटीत घुसतो आणि तिला बाहेर रेटतो. गाडीवर लोड असला, चढ असला, गिअर बदलत पाय खालीवर होत असला तर हा दाब मिळतो. साठवर एका पायानं रिकामी गाडी समृद्धीवर चालली तर फार कमी मिळतो. आणि वरातीत तर जवळजवळ नाहीच. इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, बोरच्या रेघांत ऑइल आहे, वरून रिंग हलकी फिरतेय, ऑइल खरवडून खाली जायच्या ऐवजी तिथंच तापतंय. असं तासन्‌तास चाललं की बोरवर काचेसारखा चकचकीत थर चढतो. त्याला आम्ही ग्लेझ म्हणतो. रेघा बुजल्या की रिंग बसायची राहून जाते. लोक समजतात आपण गाडीला जपलं. अहो, इंजिनाला काम पाहिजे होतं.

ह्याचा अर्थ पहिल्याच दिवशी अडीच टन ऊस घालून घाट चढवा असाही नाही. नवं इंजिन घट्ट असतं, घर्षण जास्त, गरम जास्त होतं. वरच्या गिअरमधी गुरगुरत रेटलं तर बेअरिंगला मार आणि फुल रेसवर ताणलं तरी नुकसान. अर्धा-पाऊण माल घाला, गिअर वेळेवर टाका, पन्नास-साठ-सत्तर असा वेग बदलत ठेवा, मधी चढ येऊ द्या, उतारावर पाय सोडा. पहिल्या हजार किलोमीटरात उभी करून इंजिन चालू ठेवायचं नाही, एवढं पाळलं तरी अर्धं काम झालं.

आता तुमच्या गाडीचं. बसणी अर्धवट राहिली असल, हे मला दिसतंय. पण दोन लिटरातलं सगळं ऑइल रिंगांतून गेलं का, ह्याबद्दल मला शंका आहे. कारण बाबा. इंजिन बंद केल्या केल्या ऑइल अजून वर हेडमधी, टर्बोच्या नळीत असतं, खाली चेंबरला (ऑइल साठतं त्या तळाला) उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात काडी काढली तर कमी दिसणारच. त्यात उतार. बाबा टाकणार. थंड झाल्यावर तेच ऑइल खुणेच्या वर. मग क्रँक त्यात आपटते, फेस होतो, ऑइलचा तुषार ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) टर्बोच्या तोंडाशी जातो आणि इंजिन तो पिऊन टाकतं. जास्तीचं ऑइल गाडी खाऊन परत आपल्या जागेवर येते, बाबा परत टाकतात. तुमच्या फिटरचं बोट ओलं निघालं ते बहुतेक ह्यामुळं. पाइपात ऑइलचा पातळ थर नव्या गाडीतही असतो. पाइप उपडा केल्यावर धार लागली तर काळजी. टर्बोचा दांडा हातानं हलवून बघायचा: आडवा किंचित हलला तर चालतो, पुढं-मागं खेळायला नको. एवढं न बघता टर्बो बदला म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

---

वसमत_हळद · १० नोव्हेंबर, रात्री ९:१०

मामा, हे वाचून कळलं माझी कामून सुधारली. पहिल्या महिन्यापासून हळद. वरातीला कुणी बोलावलंच नाही.

---

टॉपगिअर_नांदेड · १० नोव्हेंबर, रात्री ११:१५

पण मामा, व्हिडिओत तर सांगतात की पहिल्या ३०-४० किलोमीटरातच फुल थ्रॉटल मारा, रिंगा तिथंच बसतात, नंतर संधी जाते. मॅन्युअलवाले स्वतःची कातडी वाचवायला हळू चालवा म्हणतात.

---

तंत्रनिकेतन_परभणी · ११ नोव्हेंबर, सकाळी ७:३५

मी मेकॅनिकल शिकवतो, त्यामुळं ह्यावर थोडं. त्या व्हिडिओंत जे इंजिन दाखवतात ते बहुतेक मोटारसायकलचं किंवा रेसचं असतं. तत्त्व चुकीचं नाही, रिंग बसायला दाब लागतो हे मामांनीही सांगितलं. पण आताच्या कारखान्यात होनिंग, म्हणजे बोरला आतून रेघा मारणं, दोन टप्प्यांत करतात. आधी खोल रेघा, मग वरचे कंगोरे बारीक दगडानं कापून पठारासारखे सपाट. म्हणजे बसणीचं बरंच काम मशीनवरच झालेलं असतं. उरतं थोडं. त्या थोड्यासाठी फुल थ्रॉटलचा जुगार खेळायचं कारण नाही. पिकअपमधी फक्त इंजिन नवं नसतं. क्लच, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल, ब्रेकचे लायनर सगळंच नवं असतं. डिफरन्शियलच्या दातांना पहिल्या दिवशी फुल लोड दिला तर ते तापतात.

ट्रॅक्टर घेतलाय त्यांना आठवत असल, पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांवर असते. तिथं आपण नांगराला जुंपायच्या आधी ट्रॉलीनं थोडं काम करून घेतो. कुणी ट्रॅक्टर महिनाभर अंगणात गुरगुरत ठेवत नाही. पिकअपला मात्र ठेवतो.

---

एमएच२१_मोसंबी · ११ नोव्हेंबर, सकाळी ९:००

मामा, सर, मग आता मी करू काय?

---

फिटरमामा · ११ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

मोजा. आधी मोजा, मग बोलू.

सपाट जागा शोधा, पेट्रोल पंपाचा काँक्रीटचा ओटा चांगला. दरवेळी तीच जागा, गाडीचं तोंड त्याच दिशेला. गाडी गरम करून बंद करा, दहा मिनिटं चहा प्या, मग काडी. पुसून परत घाला, दोन्ही बाजू बघा, जी बाजू खाली दाखवते ती धरा. आत्ता खुणेच्या वर असल तर जास्तीचं काढून बरोबर वरच्या खुणेवर आणा. मीटर लिहा. हजार किलोमीटरनं तिथंच, तसंच, आणि वरच्या खुणेपर्यंत यायला किती ऑइल लागलं ते मापून टाका. डब्यातून अंदाजे नाही.

हजाराला किती लागतं तो आकडा आल्यावर मॅन्युअल उघडा. काही कंपन्या हजाराला अर्धा लिटर चालतं म्हणतात, काही एक लिटरपर्यंत सोडतात. तुमचे दोन लिटर ६,५०० ला म्हणजे हजाराला ३०० मिलीच्या आसपास. कागदावर सर्व्हिस सेंटरवाल्यांचं बरोबर निघल. पण वॉरंटीत कागदच चालतो, म्हणून प्रत्येक वेळचा आकडा जॉबकार्डावर लिहून घ्या.

---

भूम_खवा · ११ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

माझ्या गाडीचं उलटं आहे. दूध संकलनाला चालते, सकाळी २२ गावं, दोन-दोन किलोमीटरला थांबा, बंद-चालू. सर्व्हिस होऊन ७,००० झाले. ऑइल कमी होणं लांब, काडीवर वरच्या खुणेच्या दोन बोटं वर आलंय! देवाची कृपा म्हणायची का?

---

फिटरमामा · ११ नोव्हेंबर, दुपारी ३:२८

भाऊ, गाडी आजच्या आज उभी करा. काडीला वास घ्या आणि दोन बोटांत चोळून बघा. डिझेलचा वास आणि पाण्यासारखं पातळ लागलं तर ऑइल बदलल्याशिवाय चालवू नका. सरांनी समजावून सांगावं, माझ्याकडं आत्ता गाडी खाली उघडी आहे.

---

तंत्रनिकेतन_परभणी · ११ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१०

भूमकर, ही कृपा नाही, डिझेल आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळीत डीपीएफ नावाचा फिल्टर आला. तो काजळी धरतो. भरला की गाडी स्वतःच ती जाळते, त्यासाठी ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. ते गाठायला बऱ्याच इंजिनांत स्फोट होऊन गेल्यावर थोडं डिझेल उशिरा फवारलं जातं. त्यातलं काही बोरच्या भिंतीला लागतं आणि रिंगांवरून खाली चेंबरमधी उतरतं. गाडी सलग रस्त्यावर असली तर जळणी पूर्ण होते आणि ऑइलमधलं थोडं डिझेल गरमीनं उडूनही जातं. तुमची गाडी जळणी सुरू करते, तेवढ्यात पुढचं गाव येतं, तुम्ही चावी बंद करता. पुढं परत पहिल्यापासून. प्रत्येक अर्धवट खेपेला थोडं डिझेल चेंबरमधी.

पातळ ऑइलनं बेअरिंग आणि टर्बो खराब होतात ते एक. दुसरं जास्त वाईट. पातळी फार वाढली आणि ब्रीदरमधून ते इंजिनाच्या तोंडात गेलं तर डिझेल इंजिन तेच इंधन समजून चालू राहतं. चावी काढली तरी बंद होत नाही, आरपीएम वाढतच जातो.

काजळीची जळणी चालू असल्याच्या खुणा: आयडल नेहमीपेक्षा वर, पंखा उगाच जोरात, क्षणाचं ॲव्हरेज पडलेलं. असं दिसलं की जळणी पूर्ण होईपर्यंत गाडी बंद करू नका. दूध उतरवल्यावर रिकामी गाडी बार्शी रस्त्याला २०-२५ मिनिटं सलग पळवून आणा. आठवड्यातून दोनदा हे केलं तरी फरक पडल.

मोसंबीवाल्यांनीही हे ध्यानात ठेवावं. तुमच्या वरातींतही काजळी भरली असणार. त्या काळात ऑइलमधी थोडं डिझेल उतरलं असल तर गाडीनं खाल्लेलं ऑइल काडीवर दिसलं नसल. म्हणजे खरा खप दिसला त्याहून जास्तही असू शकतो. काडीला वास घेऊन बघा.

---

भूम_खवा · ११ नोव्हेंबर, रात्री ८:४५

वास घेतला. रॉकेलच्या बत्तीसारखा. उद्या ऑइल बदलतो. मामा, सर, तुमचे उपकार. पेढे पाठवतो.

---

खडी_क्रशर (औसा) · १२ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

रिंगांवर चर्चा चाललीय तर माझं ऐका, कुणाचं तरी वाचल. माझी आधीची पिकअप ६०,००० ला धूर मारायला लागली, निळा. बॅक कॉम्प्रेशन (रिंगांवरून खाली निसटणारा वायू) एवढं की ऑइलचं झाकण काढलं तर फुसफुस वाफ. इंजिन उघडलं, रिंगा ब्लेडसारख्या पातळ. कारण निघालं एअर फिल्टरच्या पुढं टर्बोकडं जाणारा रबरी पाइप. त्याचा क्लॅम्प ढिला. क्रशरवरची सगळी धूळ फिल्टर चुकवून आत. वरून आमचा ड्रायव्हर दर आठवड्याला फिल्टर काढून कॉम्प्रेसरनं हवा मारायचा, बाहेरून आत. कागदाला बारीक भोकं पडलेली.

आमच्याकडं उन्हाळ्यात काळ्या रानातली माती पिठासारखी उडते, ऊसतोडीत तर विचारू नका. धुळीत वाळूचा कण असतो, तो ऑइलमधी मिसळला की बोरला पॉलिश पेपर. आता मी दर पंधरा दिवसांनी फिल्टरच्या पुढच्या पाइपात पांढरं फडकं फिरवतो. फडक्याला माती लागली तर गाडी जागेवर.

---

फिटरमामा · १२ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

वाह. हे मी आधी सांगायला पाहिजे होतं. दादा, फडकं फिरवा. बसणीची चूक सुधारायला वाव असतो, धुळीनं झिजलेली रिंग परत येत नाही.

---

टॉपगिअर_नांदेड · १२ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

एक शंका. ही नवी ऑइलं ५डब्ल्यू-३०, पाण्यासारखी. मे महिन्यात आपल्याकडं ४४ अंश. २०डब्ल्यू-५० टाकलं तर खाणं थांबणार नाही का? आमच्या दुकानात ड्रममधलं सुटं मिळतं, निम्म्या भावात.

---

तंत्रनिकेतन_परभणी · १२ नोव्हेंबर, दुपारी २:००

पहिला आकडा थंडीतल्या वाहण्याचा, दुसरा ऑइल १०० अंशांला असताना किती जाड राहतं त्याचा. इंजिन गरम झालं की ऑइलचं तापमान बरंचसं इंजिनावर आणि लोडवर ठरतं. बाहेर २४ आहे का ४४, ह्यानं फरक पडतो, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. जाड ऑइल रिंगांतून कमी जातं हे खरं, म्हणून काही मॅन्युअलात एकापेक्षा जास्त ग्रेड दिलेले असतात. दिलेले असतील तर त्यातला जाड निवडा. नसतील तर नाही.

ड्रमवाल्याचं मात्र नावच काढू नका. ऑइल थोडं थोडं जळतंच, आणि जळलं की त्यातल्या रसायनांची राख डीपीएफमधी जाऊन बसते. काजळी जळून जाते, राख जळत नाही. म्हणून डीपीएफच्या गाड्यांचं ऑइल वेगळं, कमी राखेचं. डब्यावर एपीआय सीके-४ किंवा एसीईए सी३ असं काहीतरी लिहिलेलं असतं. सीके-४ मधी राखेची मर्यादा वजनाच्या १ टक्का, सी३ मधी ०.८. तुमच्या मॅन्युअलात जे लिहिलंय तेच पाहिजे. जी गाडी ऑइल खाते तिच्यात स्वस्त ऑइल टाकलं तर नुकसान दुप्पट, कारण खाल्लेलं सगळं डीपीएफमधी साठतं. सुट्या ऑइलात वाचवलेले पैसे एका डीपीएफात जातात.

---

एमएच२१_मोसंबी · २६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

पहिला आकडा घेऊन आलोय.

शहागडजवळच्या पंपावर सपाट ओटा आहे, तिथं मोजलं. दहा मिनिटं थांबून काडी बघितली तर ऑइल खुणेच्या वर निघालं. जवळपास ४०० मिली काढलं. म्हणजे बाबांनी त्याआधी टाकलेलं सगळं जास्तीचंच होतं. काडीला डिझेलचा वास नाही. एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात फडकं फिरवलं, स्वच्छ. टर्बोचा दांडा मामांनी सांगितला तसा बघितला, पुढं-मागं हलत नाही.

मग हजार किलोमीटर नेहमीसारखं गावातल्या गावात, बरंचसं रिकामं. मापायला आमच्या जनावरांच्या डॉक्टरकडून १०० मिलीची मोठी सिरिंज आणली. २४० मिली लागलं.

बाबा म्हणाले सिरिंज बैलाला नेहमी लागते, परत कर.

---

फिटरमामा · २६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

२४०. म्हणजे गाडी खाते, पण तीनशेतला काही भाग बाबांच्या बोटभर जास्तीचा होता. आता पुढचे हजार भरून चालवा. पासिंगच्या आतला माल, जास्त नको. सपाट रस्त्यावर नाही. बीडच्या पुढं मांजरसुंब्याचा घाट आहे, तिकडचं भाडं मिळतं का बघा. तिसऱ्या-चौथ्या गिअरमधी ओढू द्या, आरपीएम मधल्या टप्प्यात, उतारावर पाय सोडून. वर पोचल्यावर लगेच बंद करू नका, टर्बो तापलेला असतो, मिनिटभर आयडल. एवढी आयडल चालते.

ग्लेझ पक्का झाला असल तर ह्यानं फरक पडणार नाही. मग इंजिन उघडून बोरला परत होनिंग करणं एवढाच उपाय, आणि ते कंपनीनं वॉरंटीत करायचं. तोपर्यंत प्रयत्न करू.

---

एमएच२१_मोसंबी · १७ डिसेंबर, रात्री ८:२०

सोलापूरच्या मार्केटला मोसंबीच्या चार खेपा झाल्या. अंबड, शहागड, गेवराई, बीड, मांजरसुंबा, येरमाळा, येडशी. शहागडपासून पुढं ५२ नंबरचा हायवे. येताना दोनदा पशुखाद्य भरून आणलं. दोन हजार किलोमीटर झाले.

पहिल्या हजाराला १९०. दुसऱ्याला १६०.

सर्व्हिस सेंटरला जाऊन तिन्ही आकडे जॉबकार्डावर लिहून घेतले. तिथला पोरगा आधी हसला. मग त्यानं सिरिंज कुठून आणली ते विचारलं.

---

खडी_क्रशर · १७ डिसेंबर, रात्री ८:४०

भले शाब्बास!

---

तंत्रनिकेतन_परभणी · १७ डिसेंबर, रात्री ९:०५

आकडे उतरताहेत. पण एक सावधगिरी. काडीवर १०० मिली म्हणजे दोन-तीन मिलीमीटर, तेवढी चूक नजरेची होऊ शकते. १९० आणि १६० मधला फरक फार मनावर घेऊ नका. २४० वरून १६० हा मात्र खरा वाटतो. आणि ह्यातलं किती लोडमुळं, किती गाडी मुळातच ११-१२ हजाराला आली म्हणून, हे वेगळं काढता येणार नाही.

---

फिटरमामा · १७ डिसेंबर, रात्री ९:२०

सर, तुम्ही मला श्रेय मिळू देणार नाही.

---

भूम_खवा · १८ डिसेंबर, सकाळी ७:००

माझं सांगायचं राहिलं. ऑइल बदलून महिना झाला. रोज दूध उतरवल्यावर बार्शी रस्त्यानं फेरी. पातळी जागेवर आहे. डिझेल थोडं जास्त जातं, पण रात्री झोप लागते. पेढे कुरियरनं निघालेत, मामांचा पत्ता मंडळ चालकांकडून घेतला.

---

एमएच२१_मोसंबी · ९ फेब्रुवारी, दुपारी २:१५

मीटर १५,२००. शेवटच्या हजाराला १३०. मृगाची मोसंबी सुरू झाली, गाडी रोज भरून. आता बाबा स्वतः पंपावर नेतात, दहा मिनिटं पेपर वाचतात, मग काडी. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं आकडे लिहिलेत, म्हशीच्या विण्याच्या तारखांशेजारी. जुन्या गाडीचं विचारलं तर म्हणाले, "तीही खात असल. मला काय माहीत."

---

रस्सा_वाढ · ९ फेब्रुवारी, दुपारी २:४०

मामा, माझीही नवी गाडी पाडव्याला येतीय. आणि त्यानंतर पंधरा दिवसांत चुलतभावाचं लग्न. वरातीला गाडी मागितलीय, नाही म्हणालो तर काकू बोलायची नाही.

---

फिटरमामा · ९ फेब्रुवारी, दुपारी ३:०५

काकूला नाही म्हणू नकोस. लग्नाच्या आधी हजारभर किलोमीटर माल भरून फिरव, मग वरातीला दे. डीजेला जनरेटर वेगळा लाव म्हणावं, आणि पोरं एकाच जागी अर्धा-अर्धा तास नाचायला लागली तर ड्रायव्हरला सांग, इंजिन बंद करून तूही उतर आणि नाच.